नावाडणीनं लुगडं पिळलं

टीव्हीवाल्यांनी सात नद्यांच्या पाच केल्या त्या रविवारी मी टेबलावर इतक्या जोरानं हात आपटला की तर्रीची वाटी उलटली आणि अख्खी तर्री बँकेतल्या साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर गेली. मी माफी मागितली, नाही असं नाही. पण आधी वाक्य पूर्ण केलं आणि मग मागितली. "पुस्तकात सात नद्या आहेत, पुस्तकाच्या नावात सात नद्या आहेत. मग दोन काय ह्यांच्या बापानं पिऊन टाकल्या?"

"जाऊ द्या ना मॅडम," साहेब रुमाल ओला करून शर्ट पुसत म्हणाले. "नदी दाखवायची म्हणजे सोपं काम आहे का? पाचात भागलं त्यांचं."

समोर बसलेली मेडिकलची पोरगी तोंडावर हात ठेवून हसत होती. मी तिच्याकडे असं पाहिलं की तिनं पोह्यात मान घातली.

आम्ही तिघं दर रविवारी सकाळी वर्ध्याला आर्वी नाक्याजवळच्या एका पोह्याच्या टपरीवर जमतो. साहेब बँकेत आहेत, रिटायरमेंटला आलेले, स्वभावानं गरीब. पोरगी सावंगीला डॉक्टरकी शिकते, मूळची नगरकडची, जिभेची तिखट. मी इथल्याच एका ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवते. आमच्यात सामाईक असं काहीच नाही, फक्त एक सात भागांची इंग्रजी कादंबरी सोडून. एका देशातल्या नद्या एकेक करून आटत जातात, मिठाचा राजा त्या गिळत जातो, आणि बकऱ्या चारणारी एक मुलगी त्या परत आणायला निघते, अशी ती गोष्ट. तिच्यावर टीव्हीवर सिरियल निघाली, वर्षाला पुस्तकाचा एक भाग, दर शुक्रवारी थोडा थोडा, हिंदीतही येते. पोरगी सिरियलच्या बाजूची. साहेब दोन्हीकडून मान डोलावणारे. आणि मी पुस्तकाची.

पुस्तकाची म्हणजे किती, तर सिरियलमध्ये बकरीच्या गळ्यातली तांब्याची घंटा पितळेची दाखवली म्हणून मी पंधरा मिनिटं बोलले होते. "लिहिणाऱ्यानं लिहिलं ते लिहिलं," हे माझं ठरलेलं वाक्य. "छापलेल्या शब्दाला हात लावायचा हक्क कोणालाच नाही. स्वतःचं डोकं चालवायचं असेल तर स्वतःचं पुस्तक लिहा." पोरगी म्हणायची, "मॅडम, गोष्ट सांगताना थोडं इकडेतिकडे होतंच हो." मी म्हणायची, "होत नाही. करतात. आणि ती लबाडी असते."

हे मी अगदी छातीठोक बोलत असे. आणि ह्या तिघांत सगळ्यात मोठी लबाडी मीच केलेली होती. ती ह्या दोघांना ठाऊक नव्हती. जिच्याशी केली, त्या माझ्या सासूबाईंनाही ठाऊक नव्हती.

सासूबाई अल्लीपूरला असतात. शेती आहे, ती त्या स्वतः बघतात, सासरे गेल्यापासून तर एकट्यानंच. तीन वर्षांमागं गुडघ्याच्या इलाजासाठी हिवाळाभर आमच्याकडे वर्ध्याला होत्या. घरात बसून बसून जीव आंबला होता त्यांचा. एका दुपारी मी दुसरा भाग वाचत एकटीच हसत होते, तर खाटेवरून आवाज आला, "काय वाचून राह्यली वो एवढी? आमाले बी सांग ना."

मी दोन ओळींत गोष्ट सांगितली. त्यांना ते पटलं नाही. "असं नाई. पयल्यापासून वाच. जोऱ्यानं वाच. मी आयकतो."

"आई, इंग्रजीत आहे."

"मंग? पोथी कोन्ती आपल्या बोलण्यात राह्यते? एक जन वाचते, दुसरा अर्थ सांगते. तू दोन्ही कर."

झालं. त्या दिवसापासून रोज दुपारी चारला आमच्या घरी पोथी सुरू झाली. श्रावणात अल्लीपूरला पोथी लागते, तिथले सगळे कायदे त्यांनी माझ्या पुस्तकाला लावले. पुस्तक मांडीवर नाही, पाटावर, खाली धुतलेलं फडकं. पान उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही. ऐकणाऱ्यानं मधून मधून "हूं" म्हणायचं, म्हणजे सांगणाऱ्याला कळतं की समोरचं माणूस जागं आहे आणि गोष्टीत आहे. आणि सगळ्यात मोठा कायदा, जो मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात ठणकावून सांगितला, "कोनी मेलं का तिथं पोथी बांधाची नाई. पुढं वाचाचं. काईतरी चांगलं होते, कोनी घरी येते, कोनाचं लगन होते, तिथं आलं का मंग बांधाची. मरणावर पोथी बांधली त ते मरण घरात राह्यते."

मी इंग्रजी वाक्य वाचायची आणि लगेच त्याचं वऱ्हाडी करायची. मला स्वतःलाच मजा यायला लागली. मिठाचा राजा आमच्या तोंडी इतका अस्सल शिव्या द्यायचा की लिहिणाऱ्यानं ऐकलं असतं तर धन्य झाला असता. पण सासूबाईंचा जीव राजावर नव्हता, बकऱ्यावाल्या मुलीवरही नव्हता. त्यांचा जीव होता नावाडणीवर. म्हातारी, एकटी, आटत चाललेल्या नदीवर अजूनही नाव चालवणारी, राजाच्या शिपायांनाही तोंडावर खरं सुनावणारी. "हे बाई मले आवडली," त्या म्हणाल्या. "कोनाच्या बापाले भेत नाई." त्यानंतर नावाडीण आली की त्यांचं "हूं" मोठं व्हायचं.

एकदा शेजारच्या वहिनींनी विचारलं, "इंग्रजी पुस्तकातलं तुम्हाला काय कळतं हो?" तर सासूबाई म्हणाल्या, "मायी सून वाचते ना. छापलेलं खोटं नसते, अन् मायी सून खोटं वाचत नाई." मी स्वयंपाकघरात होते, मला ऐकू आलं. सासू-सुनेचं आमचं तोवर बरं चाललं होतं, पण बरंच, जास्त काही नाही. मी प्रेमविवाह करून ह्या घरात आलेली, शेतातलं काही न कळणारी. माझ्याबद्दल त्या घरात एवढं चांगलं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. खोटं कशाला बोलू, मी कणीक मळता मळता रडले.

पुढच्या वर्षी त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि त्यांना सावंगीच्या दवाखान्यात भरती केलं. डॉक्टरांनी सांगितलं, नस ब्लॉक आहे, तारेनं उघडू, उद्या सकाळी. त्या काहीच बोलल्या नाहीत. माझ्या नवऱ्यानं फॉर्मवर सही केली. संध्याकाळी भेटायच्या वेळेला मी गेले तर म्हणाल्या, "पोथी आणली का?"

पाचवा भाग पिशवीत होता. आदल्या हिवाळ्यात आमचं वाचन त्यातच अडकलं होतं, आणि नेमकं कुठं येऊन अडकलं होतं ते मला पक्कं माहीत होतं. मी सातही भाग आधी वाचलेले. पुढच्या प्रकरणात नावाडीण मरते. सगळ्यांना पलीकडे उतरवते, वल्हं त्या मुलीच्या हातात देते आणि नावेसकट बुडते.

मी चालढकल केली. नदीचं वर्णन चालू केलं. लिहिणाऱ्यानं चार ओळी लिहिल्यात, मी वीस मिनिटं केलं. लाटा, काठ, काठावरची झाडं, झाडांवरचे पक्षी. सासूबाई म्हणाल्या, "अवं माय, नदी पुरे झाली ना आता. नावाडणीचं काय झालं ते सांग. मले सकाळी तिकडं नेतीन."

मग वाचावंच लागलं. वाचता वाचता मी नावेपर्यंत आले, वल्ह्यापर्यंत आले, आणि वाचलं की नाव पाण्याखाली गेली.

"हूं" आलं नाही. मी वर बघितलं तर त्या छताकडे बघत होत्या. हात चादरीवर घट्ट. आणि तेवढ्यात वॉर्डातल्या सिस्टर आल्या, "चला, वेळ संपली, नातेवाईक बाहेर."

आता सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? पुढची चांगली जागा साठ पानांवर. मधली साठ पानं नुसती रडारड. मरणावर पोथी बांधायची नाही, आणि सिस्टर तर उशाशी उभ्या. माझं बोट त्या ओळीवर होतं आणि माझ्या तोंडानं माझ्या परवानगीशिवाय सुरुवात केली. "अन् मंग... अन् मंग तिनं पाण्यातून हात वर काढला."

सासूबाईंनी मान वळवली.

"दुसरा हात काढला. पोहत पोहत काठाले आली. चिखलात पाय रोवला, बाहेर निघाली, अन् काठावर उभी राहून लुगडं पिळलं. सगळे म्हणले, आमाले वाटलं मेली. त ते म्हणली, मी कायची मरतो? मले अजून लय लोकं पार कराचे हाये."

लुगडं! त्या देशात कोणी लुगडं नेसत नाही हो. बायका तिकडे कातड्याचे झगे घालतात. पण त्या घडीला माझ्या डोळ्यांपुढं ओल्या लुगड्याचीच बाई उभी राहिली.

सासूबाईंची चादरीवरची मूठ सैल झाली. मग म्हणाल्या, "हूं." आणि जरा थांबून, "बांध आता पोथी."

सकाळी सगळं नीट झालं. चौथ्या दिवशी घरी आलो.

पण माझं काय झालं ते ऐका. अजून सव्वादोन भाग बाकी होते, आणि पुस्तकात मेलेली बाई आमच्या घरात धडधाकट जिवंत होती. रोज चारला तिला कुठंतरी कामाला लावणं आलं. सहाव्या भागात मिठाच्या राजाच्या महालात मी तिला मुदपाकखान्यात घुसवलं. सातव्यात शेवटच्या लढाईत दुसऱ्याच एका म्हाताऱ्याची सगळी वाक्यं काढून तिला दिली. सासूबाईंची आठवण म्हणजे काय सांगू! "काल त तिचा उजवा गुडघा दुखून राह्यला होता, आज डावा काऊन?" असं मध्येच पकडायच्या. शेवटी मी एक वही केली आणि नावाडीण कुठं आहे, काय खाल्लं, कोणता गुडघा, सगळं लिहून ठेवायला लागले. नवरा ती वही पाहून लोळून लोळून हसला.

बरं वाटल्यावर त्यांनी केळझरच्या गणपतीला जायचं काढलं. आम्ही तिघं गेलो. त्यांनी स्वतःच्या नावानं नारळ फोडला आणि मग पिशवीतून दुसरा काढला. "हा तिच्या नावानं," म्हणाल्या. "आमी दोघी बी संगमंगच निघालो बाहेर." नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी गाभाऱ्याकडे बघत हात जोडले आणि मनात गणपतीला म्हटलं, देवा, तू तरी कोणाला सांगू नको.

"सांगून टाक ना एकदाचं," नवरा परतताना हळूच म्हणाला. मी म्हटलं, सांगीन. आज सांगते, उद्या सांगते करता करता सातवा भाग संपला, सासूबाई अल्लीपूरला परत गेल्या आणि तिथं ही गोष्ट स्वतः सांगायला लागल्या. ओट्यावर बायका जमवून. माझ्या नावाडणीसकट.

पोथी चालू असेपर्यंत सिरियल बघायची नाही असं त्यांनीच ठरवलं होतं. पोथी संपल्यावर मात्र त्यांनी बघायला सुरुवात केली. शेजारच्या पोराकडून मोबाइलवर चार वर्षांचे चार भाग बघून टाकले. आणि पाचवा सुरू झाला तेव्हा फोन आला, "मी वर्ध्याले येतो. आपल्या नावाडणीचा भाग मोठ्या टीव्हीवर पाहाचा हाये मले."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. टीव्ही बिघडला म्हटलं. "पोराले दुरुस्त कराले सांग." रिचार्ज संपला म्हटलं. "मी करून देतो." कॉलेजच्या परीक्षा आहेत म्हटलं. "तुया परीक्षा, मायी कायची परीक्षा?" आणि त्या आल्या, गाठोड्यात हुरड्याची कणसं घेऊन.

शुक्रवारी संध्याकाळी सातला भाग लागला. मी सोफ्याच्या कडेवर. नाव बुडाली, करुण संगीत वाजलं, पडदा काळा, नामावळी पळायला लागली.

"पुढं?" सासूबाई म्हणाल्या.

"संपला आई. आता पुढच्या शुक्रवारी."

"मेल्यावर बांधली?" त्या उठूनच बसल्या. "काई रीतभात हाये का नाई या लोकाइले? आठ दिवस बुडालेली ठेवतीन का तिले?" आणि मला धीर देत म्हणाल्या, "असू दे. पुढच्या शुक्रवारी हात वर काढन ते."

ते आठ दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. दर घटकेला तोंड उघडायची आणि मिटायची. त्या चिडतील ह्याची मला भीती नव्हती. चिडल्या तर चिडल्या, मीही काही कमी चिडकी नाही. भीती एका वाक्याची होती. "मायी सून खोटं वाचत नाई." हे वाक्य त्या पुन्हा कधीच बोलणार नाहीत, आणि माझ्यापुढं पुन्हा कधी पोथी ऐकायला बसणार नाहीत, ह्या विचारानं मला खरोखर रडू यायचं.

पुढच्या शुक्रवारी हात वर आला नाही. काठावर वल्हं रोवलं, सगळे रडले, गोष्ट पुढं गेली. सासूबाईंनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

"मारलं तिले," त्या म्हणाल्या. "ह्याइनं मारलं. पुस्तकात जित्ती हाये अन् ह्याइनं मारून टाकली." मग माझ्याकडे वळल्या. "तू रविवारी जातं ना त्या लोकाइपाशी? सिरियलवाल्याइच्या चुका काढाले? मले ने."

रविवारी त्या नवं लुगडं नेसून रिक्षात माझ्या आधी बसल्या होत्या.

टपरीवर मी ओळख करून दिली. पोह्याच्या प्लेटा आल्या. सासूबाईंनी प्लेट बाजूला सारली आणि एखाद्या ग्रामसभेत बोलावं तसं सुरू केलं. "माह्या सुनेनं तुमाले सांगतलंच असन. पुस्तकात ते नावाडीण मरत नाई. हात वर काढते, काठाले येते, लुगडं पिळते. अन् मंग राजाच्या मुदपाकखान्यात जाते. हे सगळं ह्या लबाड लोकाइनं काढून टाकलं. बरोबर हाये का नाई?"

पोरीचा चमचा तोंडाशी थांबला. साहेबांनी आधी सासूबाईंकडे, मग माझ्याकडे पाहिलं. दोघांनीही पाचवा भाग वाचलेला. वर्षभर मी ह्या पोरीला पितळेच्या घंटेवरून, दोन नद्यांवरून, राजाच्या मिशीवरून सोलून काढलं होतं. आता तिला एक वाक्य बोलायचं होतं आणि माझा निकाल लागला असता. मी तर्रीत बोट बुडवून बसले होते हे मला नंतर कळलं.

पोरीनं चमचा खाली ठेवला. "हो आजी," ती म्हणाली. "पुस्तकात आहे तसं. लुगडं पिळते."

"पिळते, पिळते," साहेब घाईघाईनं म्हणाले. "चांगलं घट्ट पिळते."

सासूबाई खूश झाल्या. "मंग पत्र लिवा त्याइले. तुमी तिघं शिकलेले, तिघंही सह्या करा. मी अंगठा नाई, सही करतो. अन् त्यात लिवा, कोन्त्या भागात, कोन्त्या पानावर ते बाहेर निघते. पान नंबर टाका, म्हणजे नाई म्हणता येणार नाई त्याइले." आणि मला म्हणाल्या, "सांग वो, कोन्तं पान?"

मला ते पान तोंडपाठ होतं. त्या पानावर नाव बुडते, आणि पुढच्या साठ पानांत कोणी वर येत नाही. समोर ती दोन भली माणसं माझ्यासाठी खोटं बोलून बसली होती, आणि ह्या आता त्या खोट्यावर सही करायला निघाल्या होत्या. माझ्याच्यानं झालं नाही.

"पान नाही आई," मी म्हटलं. "ते पुस्तकात नाही. पुस्तकात ती मरते. मी घातलं ते माझ्या मनानं. तेव्हापासूनचं सगळं मीच घातलं."

"कवा?"

"दवाखान्यात. सिस्टर आल्या होत्या, पोथी बांधायची होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बरंच पाहिलं. मग प्लेट पुढं ओढली आणि पोहे खायला लागल्या. एक दाणा न ठेवता खाल्ले. शेवटी पोरगीच म्हणाली, "मॅडम, आता पाच नद्यांवरून मला काही म्हणायचं नाही हं," आणि साहेबांना असा ठसका लागला की तर्री पुन्हा त्याच शर्टावर. मीही हसले, पण माझे डोळे सासूबाईंवर होते. त्या हसल्या नाहीत.

घरी आल्या, पाय धुतले, पाट मांडला, फडकं घातलं.

"काढ पोथी," म्हणाल्या. "पाचवा भाग. जे लिवलं ते वाच."

मी वाचलं. जसं लिहिलंय तसं, नदीच्या चार ओळी म्हणजे चारच. तिनं सगळ्यांना उतरवलं. हूं. वल्हं पोरीच्या हातात दिलं. हूं. नाव पाण्याखाली गेली.

हूं आलं नाही. मी थांबले.

"थांबू नको," त्या म्हणाल्या. "रीत मालूम हाये ना तुले."

मग मी साठ पानं वाचली. नवऱ्यानं दोनदा चहा आणून ठेवला, तो निवून गेला. साठाव्या पानावर ती मुलगी नवी नाव पाण्यात लोटते, नावाडणीचं वल्हं हातात घेते आणि पहिलं माणूस पार करते. तिथं मी पुस्तक मिटलं.

सासूबाई बराच वेळ फडक्याच्या कडा सारख्या करत बसल्या. "लिवनाऱ्यानं बरोबर लिवलं," त्या म्हणाल्या. "मराचीच होती ते. लय थकली होती बिचारी." मग म्हणाल्या, "पण तू त्या दिवशी हे वाचलं असतं ना, त मी सकाळी त्या आतल्या खोलीत गेलीच नसती. मी ठरवून ठेवलं होतं. पोरानं सही केली त करू दे, मी नाई जात म्हणून. तुले नाई सांगतलं, कोनालेच नाई सांगतलं. नाव बुडाली तवा म्या म्हटलं, झालं, आपलं बी झालं. अन् मंग तू म्हटलं, लुगडं पिळलं. ते बाहेर निघाली म्हणून मी गेली."

मी पुस्तकावर डोकं ठेवून रडले. पोथीवर पाणी सांडू नये हाही त्यांचा एक कायदा होता, पण त्यांनी मला काही म्हटलं नाही. पाठीवरून हात फिरवला, जरा जोरातच, त्यांना हळू जमत नाही. आणि म्हणाल्या, "पूस डोये. सहावा काढजो उद्यापासून. खरा. अन् तुले मधात काई टाकाचं असन त सांगून टाकजो. चोरून नाई."

दुसऱ्या दिवशी चारला सहावा भाग सुरू केला. अक्षरन् अक्षर पुस्तकातलं. आठवडाभरात मिठाच्या राजाच्या महालात पोचलो. मुदपाकखाना आला. भांडी, चुली, वाफ, आचारी. मी वाचत होते, त्या हूं म्हणत होत्या, आणि मध्येच त्यांनी हात वर केला.

"इथं ते होती ना वो? तुई?"

"होती आई. पण पुस्तकात नाही. पुस्तकात चुलीपाशी कोणी नाही."

त्यांनी चुलीपाशी कोणी बसलंय का ते बघावं तसं पुस्तकाकडे पाहिलं.

"मंग टाक," त्या म्हणाल्या.

मी वाचत होते त्या ओळीवर बोट ठेवलं, म्हटलं, आई, इथून माझं आहे, आणि नावाडणीला चुलीपाशी बसवलं. उजवा गुडघा दुखत होता तिचा, म्हणून पाय लांब करून.

"हूं," सासूबाई म्हणाल्या.